टेक्निकल रायटिंगचा कोर्स करू का, असं भाचीनं विचारलंय. काय सांगू?

शाईचा_डाग | मंगळवार, रात्री १०:४२

माझी भाची यंदा इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बीएस्सी झाली. इंग्रजी चांगलं, मराठी त्याहून चांगलं, कोडिंग नको म्हणते. कर्वे रस्त्यावरच्या एका क्लासनं तिला चार महिन्यांचा टेक्निकल रायटिंगचा कोर्स गळ्यात मारायचं ठरवलंय, 'हमखास प्लेसमेंट'सकट. रविवारी जेवायला आली तेव्हा मोठ्या विश्वासानं म्हणाली, "मावशी, तू हेच करतेस ना? करू का मग?" मी आमटी वाढता वाढता "बघू" म्हटलं. एकोणीस वर्षांत या प्रश्नाला पहिल्यांदाच बगल दिली.

मी २००६ ला लागले. सेनापती बापट रस्त्यावर ऑफिस, सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहिणारी नऊ जणांची डॉक्स टीम. फ्रेममेकर या सॉफ्टवेअरमध्ये पुस्तक करायचं, पीडीएफ काढायची, रोबोहेल्पमधून ऑनलाइन हेल्प. रिलीजच्या आदल्या रात्री अनुक्रमणिका जुळवत बसणं हे आमचं शौर्य, आणि दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची परवानगी हे पदक. २०११ च्या सुमारास कंपनी डिटा या मजकूर सुटा सुटा लिहिण्याच्या पद्धतीवर गेली. पुस्तक मोडून टॉपिक झाले, संकल्पना वेगळी, कृती वेगळी, संदर्भ वेगळा. २०१८ ला सगळं मार्कडाउनमध्ये (खुणा घातलेला साधा मजकूर) आणि गिटमध्ये (जिथे डेव्हलपर कोडच्या आवृत्त्या ठेवतात), टीम सहा. गेल्या वर्षापासून पहिला मसुदा एआय करतं. डेव्हलपर आपलं टिकेट (कामाची नोंद) आणि कोड त्या टूलला देतो, पाच मिनिटांत पान तयार, माझ्याकडे रिव्ह्यूला. टीम तीन. त्यातली एक मार्चमध्ये सोडतेय.

मला कोणी काढलेलं नाही. उलट रोज रिव्ह्यूला येणारी पानं संपत नाहीत. पण गेल्या सहा महिन्यांत कोऱ्या पानावर सुरुवात करून मी स्वतः काय लिहिलं, असं मोजायला बसले तर एक रिलीज नोट (नव्या आवृत्तीत काय बदललं त्याची टीप) निघाली. तीही त्या दिवशी टूल बंद होतं म्हणून.

तर आज नव्यानं येणाऱ्या पोरीनं काय शिकून यावं? की येऊच नये? "एआय हे फक्त टूल आहे" आणि "सगळं संपलं" ही दोन वाक्यं कृपया वगळा. दोन्ही लिंक्डइनवर रोज वाचते.

सहज_फिरकलो | मंगळवार, रात्री ११:०५

अडाणी प्रश्न. टेक्निकल रायटर म्हणजे मिक्सरबरोबर जे पुस्तक येतं आणि आपण न वाचता ड्रॉवरमध्ये टाकतो, ते लिहिणारे का?

शाईचा_डाग | मंगळवार, रात्री ११:०९

तेच. मिक्सर बंद पडल्यावर ते पुस्तक सापडत नाही म्हणून ज्यांचा उद्धार होतो, तेही आम्हीच.

तळटीप | मंगळवार, रात्री ११:५१

मी १९९६ पासून या धंद्यात. आयडीचा अर्थ सांगतो, तुमच्या प्रश्नाचं थोडं उत्तर त्यातच आहे.

विंडोज ३.० बरोबर १९९० मध्ये विनहेल्प आलं. ती हेल्प फाइल करायची कशी? वर्डमध्ये लिहायचं, आरटीएफ म्हणून सेव्ह करायचं आणि प्रत्येक टॉपिकच्या डोक्यावर तळटिपा घालायच्या. तळटिपेचं चिन्ह हॅश असेल तर तो टॉपिकचा आयडी, डॉलर असेल तर शीर्षक, इंग्रजी 'के' असेल तर शोधशब्द. लिंक द्यायची तर शब्दाखाली दुहेरी रेघ आणि त्याला चिकटून, लपवलेल्या अक्षरांत, पुढच्या टॉपिकचा आयडी. मध्ये चुकून एक स्पेस पडली की लिंक गेली, आणि कंपाइल करेपर्यंत पत्ता लागायचा नाही. मला हे झोपेत जमायचं. डेक्कनवर एका खोलीत मी हे शिकवत असे, मुलं पैसे मोजून यायची. १९९७ मध्ये एचटीएमएल हेल्प आलं आणि दोनेक वर्षांत त्या विद्येला कुणी विचारेना. व्हिस्टापासून तर विनहेल्प उघडणारा प्रोग्रामच विंडोजबरोबर येईनासा झाला.

रोबोहेल्पचंच बघा. ब्लू स्कायचं होतं, त्यांनी नाव बदलून ईहेल्प केलं, २००३ मध्ये मॅक्रोमीडियानं घेतलं, २००५ मध्ये मॅक्रोमीडियालाच अडोबीनं घेतलं. दर खेपेला आम्ही रिझ्युमेत एक ओळ बदलली आणि 'अपडेटेड' झालो. जाहिरातीच तशा असायच्या हो, 'फ्रेममेकरचा पाच वर्षांचा अनुभव'. ग्राहक कुठे अडतो हे शोधण्याचा अनुभव कुणी मागितला नाही, म्हणून आम्हीही तो कधी विकला नाही.

एक कबुली देतो. माझ्या हातून हजारो पानं अशी गेली: "नाव या चौकटीत नाव टाइप करा. जतन करण्यासाठी जतन करा वर क्लिक करा." त्यावर पगार घेतला, बढती घेतली. आज एआय ही पानं पाच सेकंदांत करतं म्हणून मी कुठल्या तोंडानं रडू?

भिंतीवर एसटीसीचं, म्हणजे सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशनचं, सर्टिफिकेट आहे, फ्रेम करून. १९५३ पासूनची ती अमेरिकेतली संस्था, आमच्या धंद्याची काशीच म्हणा. जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरी जाहीर करून बंद झाली. बायको म्हणते फ्रेम चांगली आहे, त्यात नातवाचा फोटो लावू.

हिशोबनीस | बुधवार, सकाळी ८:२०

वाईटपणा घेतो. मी पलीकडच्या बाजूला आहे, डॉक्सचं बजेट माझ्या सहीनं जातं.

आमच्या साइटवर डॉक्सची काही हजार पानं आहेत. कुठली पानं लोक उघडतात ते मागच्या वर्षी काढलं. अर्ध्याहून जास्त पानं वर्षभरात कुणी ढुंकून बघितली नव्हती. ती लिहिताना प्रत्येकावर रिव्ह्यू झाले, बैठका झाल्या, स्वल्पविरामावरून भांडणं झाली. एआय आल्यापासून टीम निम्मी केली आणि ग्राहकांच्या तक्रारी वाढल्या नाहीत. मला वर उत्तर द्यावं लागतं, आणि वरच्यांना आकडा लागतो. "पान चांगलं होतं म्हणून सपोर्टला फोन आला नाही" हा आकडा मला आजवर एकाही रायटरनं आणून दिलेला नाही.

भाचीला सांगा, नको.

कमिट_केलं | बुधवार, सकाळी ९:३५ (हिंजवडीच्या बसमधून, म्हणजे वेळ भरपूर)

हिशोबनीस, तुमचा आकडा माझ्याकडे आहे. फक्त तो उलट्या बाजूनं आला.

आमचा माल म्हणजे एपीआय, एका प्रोग्रामनं दुसऱ्याकडून काम करून घ्यायची सोय. त्याचा तपशील ओपनएपीआयच्या फाइलमध्ये असतो आणि त्यावरून संदर्भाची पानं आपोआप तयार होतात. एका नव्या कॉलमध्ये 'टाइमआउट' होता. फाइलमध्ये त्याच्यापुढे एवढंच: प्रकार, पूर्णांक. वर्णनाचा रकाना रिकामा. एआयनं तो भरला, "सेकंदांत द्या, उदाहरणार्थ ३०". तक्ता देखणा, भाषा आमच्या स्टाइल गाइडला धरून, व्हेल (भाषा तपासणारं टूल) चालवला तर एकही इशारा नाही. मी पास केलं. हो, मीच.

खरं एकक मिलिसेकंद होतं. ग्राहकानं पानात बघून ३० टाकले. तीस मिलिसेकंदांत त्यांची विनंती आमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन, काम करून, परत येणं शक्यच नव्हतं. एकूण एक कॉल फेल. शुक्रवार संध्याकाळ, साडेसात. तीन इंजिनियर मध्यरात्रीपर्यंत नेटवर्क तपासत बसले, कारण डॉक्स चुकले असतील असं कुणाच्या मनातच आलं नाही. इतकी ती भाषा आत्मविश्वासाची होती.

सोमवारी ज्यानं तो कोड लिहिला त्याला विचारलं. तो माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसतो. म्हणाला, "मिलिसेकंद, अर्थात. दुसरं काय असणार?"

हे 'अर्थात' ना कोडमध्ये होतं, ना टिकेटमध्ये, ना फाइलमध्ये. त्याच्या डोक्यात होतं. एआयला दिलेल्या कागदांत जे नाही ते एआय कुठून आणणार? शक्यता दिसली ती लिहिली. माझा पगार तीन खुर्च्या चालत जाऊन विचारण्याचा होता आणि नेमकं तेच मी केलं नाही, कारण समोर पूर्ण झालेलं पान होतं. कोरा रकाना असता तर शंभर टक्के उठून गेलो असतो.

शब्दमोजणी | बुधवार, सकाळी ११:१०

"कोरा रकाना असता तर उठून गेलो असतो". हे वाक्य लिहून ठेवलंय.

मी जर्मन-इंग्रजी भाषांतर करते, मॅक्सम्युलर भवनची जुनी विद्यार्थिनी, पंचवीस वर्षं तांत्रिक मजकूर. तुम्ही आज ज्यातून जाताय त्यातून आम्ही आधीच गेलोय. गूगलचं न्यूरल भाषांतर २०१६ मध्ये आलं. २०१७ मध्ये तर मशीनचं भाषांतर माणसानं कसं सुधारावं याचा आयएसओ निघाला, १८५८७. त्या कामाला 'पोस्ट-एडिटिंग' म्हणतात. दर शब्दामागेच, पण नव्या भाषांतराच्या दरापेक्षा बराच कमी. एजन्सीचं म्हणणं असं की मजकूर तर तयारच आहे, तुम्ही नुसती नजर फिरवायची.

नजर फिरवणं किती अवघड असतं ते सांगते. जर्मनमध्ये नटला 'मुटर' म्हणतात आणि आईलाही 'मुटर'च. जुनी मशीनं बिनधास्त "आई घट्ट आवळा" असं भाषांतर करायची. आम्ही पोट धरून हसायचो आणि चूक तिथेच पकडली जायची. नवी मशीनं असली गंमत करत नाहीत. ती एखादं 'फक्त' गाळतात, एखादी अट पुढच्या वाक्याला जोडतात, आणि वाक्य लोण्यासारखं वाचलं जातं. मूळ मजकूर बाजूला ठेवून शब्दन् शब्द लावून बघितल्याशिवाय दिसत नाही. म्हणजे वेळ पूर्वीइतकाच, पैसे निम्मे.

माझ्या ओळखीतले टिकले कोण? ज्यांना जर्मन येत होतं ते नव्हे. ज्यांना गिअरबॉक्स कळत होता ते.

सहज_फिरकलो | बुधवार, सकाळी ११:३०

"आई घट्ट आवळा" आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलंय. रॉयल्टी मिळणार नाही.

कूलंट | बुधवार, दुपारी १:१५

डबा खाता खाता लिहितोय. भोसरी एमआयडीसी, हायड्रॉलिक प्रेस बनवणारी कंपनी, मॅन्युअल विभाग म्हणजे मी आणि एक ड्राफ्ट्समन. इथे सगळे सॉफ्टवेअरवालेच बोलताहेत म्हणून आमचं मांडतो.

साहेबांनी मागच्या दिवाळीत एआयचं लायसन्स घेतलं. जुन्या वीसेक मॅन्युअलच्या पीडीएफ त्याला दिल्या आणि नव्या मॉडेलचं देखभालीचं प्रकरण करायला सांगितलं. होज, म्हणजे तेलाची नळी, बदलण्याची कृती आली ती अशी: मेन स्विच बंद करा, कुलूप लावा, फलक लावा, होज सोडा. कागदावर चूक काढून दाखवा. मला दिसली नाही.

माझी एक खोड आहे. कुठलीही कृती छापायला देण्याआधी प्रिंट घेऊन शॉपवर जातो आणि फिटरला म्हणतो, "मी वाचतो, तुम्ही करा". आमचे मामा, बावीस वर्षं त्याच लाइनवर, यांनी मेन स्विच बंद केला, कुलूप घातलं. चौथी पायरी वाचली तसा पाना खाली ठेवला आणि मला हाताला धरून मशीनच्या मागे नेलं. तिथे काळी बाटली, ॲक्युम्युलेटर. आत नायट्रोजन, तो तेल दाबून धरतो. पंप थांबला, वीज गेली, तरी लाइनमधला दाब तसाच राहतो. गेजवर बोट ठेवून मामा म्हणाले, "हे बघा, शून्य आहे का? आत्ता होज सोडला तर तेल अंगावर उडणार नाही, अंगात घुसंल." अतिशयोक्ती नाही ती. त्या दाबाचं तेल बारीक चिरेतून सुईसारखं कातडीत जातं, वर जखम मुंगी चावल्याएवढी दिसते आणि आत हात सडायला लागतो.

जुन्या वीस मॉडेलांत ॲक्युम्युलेटर नव्हता. नव्यात आहे. एआयनं वीस खरी पुस्तकं वाचून एकविसावं खोटं लिहिलं. आता तिसऱ्या आणि चौथ्या पायरीत दोन पायऱ्या वाढल्यात: ब्लीड व्हॉल्व्ह उघडा, गेज शून्यावर आलेलं बघा. त्यांच्या वर केशरी पट्टीत इशारा.

हिशोबनीस साहेब, तुमच्याकडे तक्रारी वाढल्या नाहीत हे ऐकून बरं वाटलं. आमच्याकडे तक्रार करायला माणूस शिल्लक राहिला पाहिजे.

आणखी एक. आमचा निम्मा माल युरोपात जातो. तिथला नवा यंत्र नियम, २०२३/१२३०, हा २० जानेवारी २०२७ पासून लागू होतोय. सूचना डिजिटल दिल्या तर चालतील असं त्यात पहिल्यांदाच स्पष्ट म्हटलंय. साहेब खूश, छपाई वाचली! पुढचं मी वाचून दाखवलं. यंत्राच्या अपेक्षित आयुष्यभर, आणि बाजारात आणल्यापासून किमान १० वर्षं, त्या सूचना ऑनलाइन मिळत राहिल्या पाहिजेत. खरेदीच्या वेळी ग्राहकानं मागितला तर कागद फुकट द्यायचा. दहा वर्षं कुठल्या मशीनची कुठली आवृत्ती कुठल्या लिंकवर आहे हे कोण सांभाळणार? साहेबांनी माझ्याकडे बघितलं. पगारवाढीची बोलणी मी त्याच दिवशी उरकून घेतली.

तळटीप | बुधवार, दुपारी २:०२

कूलंट, "वीस खरी पुस्तकं वाचून एकविसावं खोटं". वा! शेवटच्या परिच्छेदाचा मुहूर्तही बेस्ट.

कालचीच_फ्रेशर | बुधवार, संध्याकाळी ६:४०

नमस्कार. वाचनमात्र होते, पहिलाच प्रतिसाद. ताईंच्या भाचीच्या जागी मी दीड वर्षापूर्वी होते. कोर्स केला (तोच क्लास असावा असा संशय आहे, नाव घेत नाही). चार महिन्यांत फ्रेममेकर, रोबोहेल्प, थोडं डिटा, आणि शेवटचा प्रोजेक्ट म्हणजे जीमेलचं यूझर गाइड. आमच्या बॅचच्या सगळ्यांचा पोर्टफोलिओ जीमेलचं यूझर गाइड.

मुलाखती मोजून अकरा झाल्या. पूर्वी म्हणे "चहा कसा करायचा ते लिहा" असं विचारायचे. आता कुणी लिहायला सांगत नाही. खराडीच्या एका कंपनीत त्यांनी मला चार पानं दिली, एआयनं केलेली, आणि एक लॅपटॉप ज्यात ते सॉफ्टवेअर होतं. एक तास. "यात काय चूक आहे ते शोधा."

मी फार मन लावून केलं. अठरा ठिकाणी भाषा सुधारली. कर्मणी प्रयोग काढले, लांब वाक्यं तोडली, दोन ठिकाणी बुलेट्स समान केले. तास संपल्यावर त्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "लॅपटॉप उघडलाच नाहीस." चौथी आणि पाचवी पायरी उलटसुलट होती. बॅकअप घेण्याआधी सर्व्हिस थांबवायची होती, पानात ती नंतर थांबवली होती. एकदा करून बघितलं असतं तर तिथेच कळलं असतं.

बसमध्ये रडले. पण राग क्लासचा आला. चार महिन्यांत आम्हाला कुणी एकदाही एखादी वस्तू उघडून बघायला लावली नव्हती.

शाईचा_डाग | बुधवार, संध्याकाळी ७:१५

अगं, मन लहान करू नकोस. त्या अठरापैकी अठरा सुधारणा आमच्या काळात नोकरी मिळवून द्यायच्या. मी याच जोरावर लागले होते.

खिळे_जुळारी | बुधवार, रात्री ९:३०

तुमच्या धंद्यातला नाही. नारायण पेठेत छापखान्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त. पण या मुलीचं वाचून राहवलं नाही.

मी १९७३ साली सोळाव्या वर्षी छापखान्यात गेलो. पहिलं दीड वर्ष खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला हात लावू दिला नाही. काम एकच: छापून झालेला मजकूर सोडवायचा आणि एकेक खिळा केसमधल्या, म्हणजे खणांच्या पेटीतल्या, त्याच्या घरात परत टाकायचा. कंटाळवाणं, हात काळे, मान आखडलेली. पण त्या दीड वर्षात कुठलं अक्षर कुठल्या घरात ते बोटांना पाठ झालं. उलटी ओळ सरळ वाचता यायला लागली. आणि रोज चांगल्या लेखकांचा मजकूर उलटा का होईना, नजरेखालून गेला. तीच आमची शाळा. त्याला शिक्षण म्हणून कुणी दिलं नव्हतं, ते हमाली म्हणून दिलं होतं.

मग डीटीपी आलं, म्हणजे कॉम्प्युटरवरची जुळणी. पेजमेकर, पुढे श्रीलिपी. आपल्या पुण्यातच मॉड्युलर इन्फोटेकनं केलेली. मालकांनी मला शिकवलं, मी तरलो. खिळे गेले त्याचं मला फारसं दुःख नाही, शिसं काही चांगलं नव्हतं. पण खिळे परत टाकण्याचं काम गेलं, त्याबरोबर पोरं ठेवायचं कारण गेलं. आमच्याकडे शेवटचा शिकाऊ मुलगा आला त्यानंतर दहा वर्षं कुणीच आलं नाही. जुने मुद्रितशोधक एकेक करून गेले तेव्हा मालक विचारायला लागले, नवे कुठे मिळतील? अहो, येणार कुठून? त्यांना घडवणारं काम आपणच कॉम्प्युटरला देऊन टाकलं होतं.

तुमच्यातली रिलीज नोट, अनुक्रमणिका, स्क्रीनशॉट, हे मला वाटतं खिळे परत टाकण्याचं काम असावं. चूभूद्याघ्या.

हिशोबनीस | बुधवार, रात्री १०:१०

काका, हे मात्र लागलं. गेल्या दोन वर्षांत मी एकही फ्रेशर घेतलेला नाही. घेतला तर त्याला पहिल्या दिवशी काय काम द्यायचं, हे आज मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. आधीच्या मतावर ठाम आहे, पण हा भाग मी धरला नव्हता.

वाकडी_वाट | बुधवार, रात्री ११:२५

फ्रेशरना देण्यासारखं एक काम सांगते. मी मागच्या वर्षी ले-ऑफमध्ये गेले, पाच महिने घरी होते, आता दुसऱ्या कंपनीत 'नॉलेज' नावाच्या विभागात आहे. काम काय? पुसणं.

त्यांनी ग्राहकांसाठी चॅटबॉट लावला. तो स्वतःच्या मनानं बोलत नाही, प्रश्न आला की आमच्याच पानांतून जुळणारे तुकडे शोधतो आणि त्यावरून उत्तर बनवतो. पहिल्या महिन्यात ग्राहकानं विचारलं, पासवर्डची मुदत कशी बदलायची. बॉटनं आवृत्ती सहाच्या ग्राहकाला आवृत्ती चारचा मेनू सांगितला, जो दोन आवृत्त्यांपूर्वीच काढून टाकलेला. शोधलं तर सर्व्हरच्या कोपऱ्यात २०१४ ची पीडीएफ निघाली. माणसानं ती उघडली असती तर मुखपृष्ठावरचं साल बघून बंद केली असती. बॉटला तुकडा दिसतो, मुखपृष्ठ दिसत नाही.

म्हणून आता एकच उद्योग: एकाच गोष्टीची पाच पानं सापडतात, त्यातलं खरं कुठलं ते ठरवायचं, बाकीची काढायची, उरलेल्यावर कुठली आवृत्ती, कुणासाठी, कधी तपासलं हे लिहायचं. तपासायचं म्हणजे उघडून, करून बघायचं. गंमत म्हणजे जुने डिटाचे टॉपिक सगळ्यात कमी त्रास देतात. एका टॉपिकमध्ये एकच गोष्ट, आणि कुठल्या आवृत्तीला लागू ते आधीच नोंदवलेलं. शाईचा_डाग ताई, २०११ मध्ये आपण ज्याला शिव्या घातल्या तेच आज कामी येतंय.

माझ्या हाताखाली दोन नवी मुलं दिलीत. पहिले तीन महिने त्यांना लिहायला काही दिलं नाही, फक्त जुनं पान घ्यायचं, प्रॉडक्ट उघडायचं, पानाप्रमाणे करायचं, अडलं की ज्याला माहीत असेल त्याला जाऊन गाठायचं. कंटाळतात बिचारी. काकांचं वाचून उद्या त्यांना खिळ्यांची गोष्ट सांगणार आहे.

कमिट_केलं | गुरुवार, सकाळी ९:५०

वाकडी_वाट, मार्कडाउनवर आणताना आम्ही तीच नोंद 'कटकट' म्हणून काढून टाकली होती. आता प्रत्येक पानाच्या डोक्यावर परत हातानं भरतोय. (बस अजून वाकड पुलाखालीच आहे.)

शाईचा_डाग | गुरुवार, रात्री ९:०५

सगळ्यांचे आभार. धागा भाचीला वाचायला दिला. "आई घट्ट आवळा" वर हसली, मामांच्या गोष्टीपाशी गप्प झाली, आणि कालचीच_फ्रेशरचं दोनदा वाचलं.

हिशोबनीस, तुमच्याशी अर्धी सहमत आहे. त्या न उघडलेल्या पानांत माझीही शेकडो असतील. पण तुमच्या तक्रारी वाढल्या नाहीत याचं एक कारण हेही असेल की उरलेल्या निम्म्या टीमला अजून कुठलं 'अर्थात' कुणाच्या डोक्यात आहे ते ठाऊक आहे. माझ्या तीनजणींच्या टीमचं तेच आहे. मार्चमध्ये जी सोडतेय तिला बिलिंग मॉड्यूलचं सगळं तोंडपाठ आहे, आणि ते लिहून घ्यायला मला कुणी वेळ दिलेला नाही. उद्या मॅनेजरकडे तो मागणार आहे, 'रिस्क' हा शब्द घालून. ऐकतात त्या शब्दाला.

क्लासची फी भरायची नाही, एवढं घरी ठरलं. बीएस्सीला सर्किट उघडून बघायची सवय होती ती तिनं सोडली नाही तर चार महिन्यांत फ्रेममेकर शिकण्यापेक्षा जास्त उपयोग होईल, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "पण उघडून बघायला देणार कोण?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सॉफ्टवेअरचं मी घरी बसून दाखवू शकते. यंत्राचं कसं दाखवू?

कूलंट | गुरुवार, रात्री ९:४०

ताई, शनिवारी पाठवा. नव्या प्रेसच्या मॅन्युअलच्या पाच कृती तपासायच्या राहिल्यात. ती वाचेल, मामा करतील, जिथे मामा थांबतील तिथे तिनं लिहून घ्यायचं. साहेबांना विचारून ठेवलंय, दोन महिने स्टायपेंड देतो म्हणालेत, फार नाही पण बसभाडं सुटेल. भोसरीच्या मुख्य चौकात उतरून फोन करायला सांगा, गेटवर मी घ्यायला येतो.

शाईचा_डाग | गुरुवार, रात्री ९:४४

खरंच? तिला विचारते. ती शेजारीच बसलीय, होच म्हणतेय. काय घेऊन यायचं?

कूलंट | गुरुवार, रात्री ९:५१

वही आणि पेन्सिल. पेन नको, तेलाच्या हातात पेन चालत नाही. ओढणी नको, केस बांधून. सेफ्टी शूज आमच्याकडे आहेत, पण लेडीज साइज एकच जोड आहे, पाच नंबर. होईल ना?

शाईचा_डाग | गुरुवार, रात्री ९:५३

सहा लागतो. दोन मोजे काढून एक घालेल म्हणते.